लाखेपासून सिलिकोनपर्यंत : धुतल्यावरही उरणाऱ्या थराचा इतिहास

महाराष्ट्रातली खंडेनवमी म्हैसुरात आयुधपूजा म्हणून साजरी होते. राजवाड्यात शस्त्रांची पूजा होते, तर गल्लोगल्ली वाहनांची. मोटारी धुतल्या जातात, त्यांना झेंडूच्या माळा घातल्या जातात. या धुण्यात गेल्या काही वर्षांत एका नव्या द्रवाची भर पडली आहे. धुतलेली गाडी ओली असतानाच तो तिच्यावर फवारायचा आणि लगेच पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन टाकायचा. ना घासणे, ना पुसणे. एवढ्यानेच रंगावर पाण्याचे टपोरे थेंब उभे राहतात आणि ओघळून जातात.

येथे एक साधा प्रश्न उभा राहतो. सारेच धुऊन टाकले, तर मागे उरले काय? आणि जे उरले, ते पाण्याबरोबर का गेले नाही?

या प्रश्नाचा इतिहास पाहण्यास म्हैसूर हेच योग्य गाव आहे. 1937 साली नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या राजवटीत येथे ‘म्हैसूर लॅक अँड पेंट वर्क्स’ हा कारखाना उभा राहिला. संस्थानच्या जंगलांतील लाखेपासून रंग, रोगण आणि मोहरेची लाख तयार करणे हा त्याचा हेतू होता. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या सूक्ष्म कीटकांनी स्रवलेली राळ. तिचा व्यापार इतका मोठा होता, की तिच्या अभ्यासासाठी 1924 सालीच रांचीजवळ नामकुम येथे स्वतंत्र संशोधन संस्था स्थापन झाली होती.

लाखेचा मोठा गुण म्हणजे तिची चिकटण्याची क्षमता. तिच्या रेणूंत हायड्रॉक्सिल आणि कार्बॉक्सिल गट विपुल असतात. लाकूड असो वा धातू, पृष्ठभागाशी हे गट घट्ट संबंध जोडतात. परंतु हेच गट पाण्याशीही सलगी करतात. म्हणूनच लाखेच्या रोगणावर पाणी साचून राहिले, की पांढुरका डाग पडतो. मोटारीसारख्या उन्हापावसात फिरणाऱ्या वस्तूला हे परवडणारे नव्हते. 1923 साली अमेरिकेत ओकलंड मोटारींवर नायट्रोसेल्युलोजचा ‘ड्यूको’ रंग आला. त्याआधी तैलरोगणाचे थर वाळण्यास आठवडे लागत. हा नवा रंग फवारता येई आणि काही तासांत वाळे. तरीही त्याची झळाळी टिकवण्यासाठी वर मेण घासावेच लागे.

म्हैसूरचा कारखाना सुरू झाला त्याच 1937 साली, इंग्लंडमध्ये फ्रेडरिक किपिंग यांचे एक व्याख्यान छापून आले. नॉटिंगहॅम येथे त्यांनी चार दशके सिलिकॉनच्या सेंद्रिय संयुगांवर काम केले होते. ‘सिलिकोन’ हे नावही त्यांनीच रूढ केले. प्रयोगांच्या तळाशी उरणारा चिकट गाळ त्यांना निरुपयोगी वाटे, आणि या शाखेत नजीकच्या काळात मोठी प्रगती होण्याची त्यांना फारशी आशा नव्हती. तीनच वर्षांनी, मे 1940 मध्ये, युजीन रोकॉव्ह यांनी तांब्याच्या सान्निध्यात सिलिकॉनवरून मिथाइल क्लोराइडचा वायू नेऊन सिलिकोनचा कच्चा माल थेट मिळवला. किपिंग यांचा गाळ एका उद्योगाचा पाया ठरला.

सिलिकोनचा गुण लाखेच्या नेमका उलटा आहे. त्याच्या साखळीवर बाहेरच्या बाजूला मिथाइल गट असतात. पाण्याचा पृष्ठताण दर मीटरला सुमारे 72 मिलिन्यूटन असतो, तर सिलिकोन द्रवाचा जेमतेम 20 ते 22. अशा पृष्ठभागावर पसरण्यापेक्षा पाणी थेंब होऊन राहणेच पसंत करते. मात्र जे पाण्याला जवळ करत नाही, ते स्वतःही कशाला घट्ट धरून राहत नाही. लाख चिकटते, पण पाण्याला भिते. सिलिकोन पाण्याला भीत नाही, पण चिकटत नाही.

ही कोंडी सोडवणारी कल्पना पृष्ठभागांच्या भौतिकीतून आली. एकाच रेणूच्या दोन टोकांना दोन स्वभाव असू शकतात. पाण्यावर पसरलेल्या स्निग्धाम्लांचे रेणू एक टोक पाण्यात व दुसरे हवेत ठेवून, एका रेणूच्या जाडीचा थर करून उभे राहतात, असे अर्व्हिंग लँगम्युर यांनी 1917 साली मांडले. 1946 साली विल्यम झिसमन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की असा थर द्रावणातून घन पृष्ठभागावर आपोआप बसू शकतो, आणि मग तो पृष्ठभाग ओला होत नाही.

फवारून धुण्याच्या द्रवांमागे हेच तत्त्व आहे. अशा अनेक द्रवांत सिलिकोनच्या साखळीला अमाइन गट जोडलेले असतात. पाण्यात त्यांच्यावर धन प्रभार येतो, तर ओल्या रंगाच्या पृष्ठभागावर किंचित ऋण प्रभार असतो. धन टोके रंगाला धरतात आणि मिथाइल गट बाहेर राहतात. पाण्याची धार थर पसरवते आणि अतिरिक्त द्रव वाहून नेते. केसांचा कंडिशनरही असाच काम करतो. म्हणून पद्धतीला शिस्त लागते. गाडी खरोखर स्वच्छ हवी, पत्रा थंड हवा, आणि द्रव वाळण्याआधीच धुतला गेला पाहिजे. वाळला, तर डाग उरतात. घर्षण, ऊन आणि तीव्र साबण यांनी हा थर काही आठवड्यांत वा महिन्यांत झिजतो. बाटलीवर ‘सिरॅमिक’ लिहिले, म्हणून रंगावर चिनी मातीचे कवच चढत नाही. उलट पुढे गाडी पुन्हा रंगवताना सिलिकोनचा अंश उरला, तर नवा रंग तेथे टिकत नाही आणि माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात.

इकडे म्हैसूरच्या कारखान्याने न धुतल्या जाणाऱ्या थराचे आणखी एक रूप जगापुढे आणले. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने विकसित केलेली मतदानाची शाई 1962 च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून येथेच बनते. तीत सिल्व्हर नायट्रेट असते. त्वचेवरील क्लोराइडशी संयोग होऊन सिल्व्हर क्लोराइड बनते आणि प्रकाशात ते काळवंडते. येथे विद्युत आकर्षणाच्या जोडीला रासायनिक विक्रिया आहे. म्हणून साबण, तेल, पाणी, काहीच चालत नाही. त्वचेचा वरचा थर गळेपर्यंत आणि नख वाढून कापले जाईपर्यंत खूण राहते. एकाने दोनदा मत देऊ नये, ही लोकशाहीची अट त्या जांभळट रेघेवर विसंबून असते.

लाखेसाठी सुरू झालेला हा कारखाना आज ‘म्हैसूर पेंट्स अँड व्हार्निश’ या नावाने कर्नाटक शासनाच्या मालकीचा आहे. ज्या लाखेवरून त्याचे पहिले नाव पडले, तिच्यापेक्षा तो आज शाईमुळेच अधिक ओळखला जातो, आणि ही शाई परदेशांतही जाते.

आयुधपूजेच्या सकाळी गाडीवरून ओघळणारा थेंब आणि मतदाराच्या तर्जनीवरची रेघ यांत वरकरणी नाते दिसत नाही. तरी दोन्हींचा प्रश्न एकच आहे : कोणी कोणाला किती घट्ट धरावे? गाडीवरचा थर झिजला, तर पुन्हा फवारता येतो. बोटावरची रेघ मात्र मतदान संपेपर्यंत पुसली जाऊन चालत नाही.