ठेक्याची पेटी आणि मिरजेचा तंबोरा

जुनी वस्तु नव्या वस्तूच्या मानानें उणी असतांही मनुष्याचें मन तिच्याकडे पुनःपुन्हां कां वळतें, हा प्रश्न आजचा नाहीं. परंतु जी वस्तु तिच्या काळीं लोकांनीं नकली म्हणून हिणविली, तीच पुढें अस्सल म्हणून जपली जावी, हा प्रकार मात्र विचार करण्याजोगा आहे. ताल देणाऱ्या विजेच्या यंत्रांचा इतिहास असाच आहे. आणि सातारा-सांगलीकडील वाचकांस त्याचें अगत्य विशेष वाटावें, कारण त्या इतिहासाचा एक धागा मिरजेच्या तंबोरे करणारांच्या दुकानापर्यंत येऊन पोंचतो.

आमच्या घरीं गायनाच्या अभ्यासासाठीं ठेक्याची एक पेटी कित्येक वर्षें होती. ताल निवडण्याची एक कळ, लय कमीजास्त करण्याची दुसरी व आवाजाची तिसरी, एवढाच तिचा संसार. तिच्यांतील डग्गा पत्र्याच्या डब्यावर बोट मारल्यासारखा वाजे. ओळखीचे तबलजी ती ऐकून हंसत आणि आम्हीही त्यांच्याबरोबर हंसत असूं. पुढें ती बंद पडली. दुरुस्त करणारानें सुटे भाग मिळत नाहींत म्हणून ती परत केली. आतां मोबाइलवर खऱ्या तबल्याच्या ध्वनिमुद्रणावरून केलेला ठेका मिळतो, आणि तो शतपटीनें गोड आहे. तथापि पहाटे तो खोटा ‘धा’ कानीं पडत नाहीं म्हणून घर सुनें वाटतें, हें कबूल केलें पाहिजे.

ही चुटपुट आमची एकट्याची नाहीं. तालयंत्राची कल्पना बरीच जुनी. रशियन संशोधक लेऑन थेरेमिन यानें १९३१ च्या सुमारास अमेरिकन संगीतकार हेन्री कॉवेल याच्यासाठीं ‘रिदमिकॉन’ नांवाचें यंत्र रचिलें. १९५९ सालीं अमेरिकेंतील वुर्लिट्झर कंपनीनें ‘साइडमॅन’ ही पेटी विक्रीस काढली. परंतु या वंशांत जिचें नांव सर्वतोमुखीं झालें, ती जपानच्या रोलंड कंपनीची ‘टीआर-८०८’ ही पेटी १९८० सालीं निघाली. तिच्यांत कोणत्याही खऱ्या ढोलाचा आवाज सांठविलेला नव्हता. मोठ्या ढोलाच्या जागीं एक विद्युन्मंडल होतें. त्याला विजेचा एक ठोका दिला कीं तें झोंका घेतलेल्या झोपाळ्याप्रमाणें कांहीं काळ आंदोलन पावून हळूहळू शांत होई. झांजेसाठीं सहा आंदोलकांचे बेसूर ध्वनि एकत्र करून गाळून घेतले जात. या रीतीला ॲनालॉग म्हणतात. तिच्या सळसळत्या आवाजासाठीं जे ट्रॅन्झिस्टर वापरले होते, ते कारखान्याच्या दृष्टीनें सदोष, म्हणजे टाकाऊच होते. पुढें कारखान्यांची रीत सुधारली, तसे सदोष ट्रॅन्झिस्टर मिळेनासे झाले; आणि १९८३ सालीं, सुमारें १२,००० पेट्या तयार झाल्यावर, उत्पादन थांबलें. जिचा जीव दोषांत होता ती दोष नाहींसा होतांच गेली.

त्याच १९८० सालीं रॉजर लिन या अमेरिकन गृहस्थानें ‘एलएम-१’ ही पेटी काढली. तींत खऱ्या ढोलांचे आवाज अंकांच्या रूपानें सांठविलेले होते. या रीतीस सॅम्पलिंग म्हणतात. आपण तिला ध्वनीचा ठसा घेणें म्हणूं. ती पेटी फार महाग होती, परंतु जाणकारांचा कौल तिच्याच बाजूला पडला. ८०८ जुन्या बाजारांत पडत्या किमतीनें विकली जाऊं लागली आणि त्यामुळेंच गांठीस फार पैसा नसलेल्या तरुणांच्या हातीं आली. त्यांनीं तिला ढोलाची नक्कल न मानतां एक स्वतंत्र वाद्य मानलें, आणि त्यांतून अमेरिकेंत एक नवीन संगीत उभें राहिलें. मुंबईस चरणजीत सिंग या वादकानें १९८२ सालीं याच पेटीच्या साथीवर दहा राग वाजवून ध्वनिमुद्रिका काढली. त्या वेळीं तिची फारशी कोणीं दखल घेतली नाहीं. २०१० सालीं ती पुन्हां प्रसिद्ध झाली तेव्हां युरोपांतील रसिक चकित झाले. आज ८०८ चा घुमारा असंख्य गाण्यांत ऐकूं येतो, पण तो पुष्कळदां ठशाच्या रूपानेंच. नकलेची ही नक्कल अस्सल म्हणून मिरवते.

आपल्या देशांत या विद्येचा प्रवेश तालाआधीं सुरांतून झाला. बंगळूरचे बांसरीवादक व अभियंते जी. राजनारायण यांनीं १९७९ सालीं मद्रासच्या म्युझिक ॲकॅडमीच्या परिषदेंत विजेचा तंबोरा मांडला. पुढें त्यांच्या रॅडेल कंपनीनें ‘तालमाला’ हा विजेचा तबलाही आणला. शहरांत व तालुक्याच्या गांवीं गाणें शिकणाऱ्या घरांतून या जातीच्या पेट्या दिसूं लागल्या. लोकरंजनाच्या बाजूनें दुसरें यंत्र आलें. रोलंड कंपनीनें १९८५ सालीं आठ चौकोनी पट्ट्यांचा ऑक्टापॅड काढला. प्रथम तो मुका होता, दुसऱ्या यंत्रास हुकूम देण्यापुरता. पुढच्या पिढ्यांत आवाज त्याच्याच पोटांत आले. पठ्ठे बापूरावांचें जन्मगांव रेठरे हरणाक्ष हें त्यांच्या काळीं सातारा जिल्ह्यांत होतें. १९४९ सालीं दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला व १९६० सालीं त्यासच सांगली हें नांव मिळालें. बापूरावांच्या फडांत ढोलकी आणि हलगी यांवर रात्र चढत असे; त्याच मुलखांतील यात्रेच्या ऑर्केस्ट्रांत आज ऑक्टापॅडवर टिपरी पडते आणि आंतून ढोलकी-हलगीचा ठसा बोलतो.

आतां मिरजेकडे वळूं. मिरज ही पटवर्धनांची राजधानी. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनीं येथें विद्या दिली. विष्णु दिगंबर पलुसकर येथेंच त्यांच्यापाशीं शिकले आणि १९३१ सालीं येथेंच निवर्तले. अब्दुल करीमखांसाहेब १९३७ सालीं वारले, त्यांची कबर मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारांत आहे. जेथें गवई तेथें वाद्यांचा खप, आणि जेथें खप तेथें कारागीर. शस्त्रांस धार लावणाऱ्या शिकलगार मंडळींपैकीं फरीदसाहेब यांनीं एकोणिसाव्या शतकांत तंत्रीवाद्यें करण्याचा धंदा धरला. तरवारींचे दिवस सरले होते, पण हातांतील कसब सरलें नव्हतें. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे सुकवून, लांकडाची दांडी जोडून व कोरीव काम करून तंबोरा उभा राहतो. परंतु त्याचा प्राण जवारींत असतो. तार ज्या घोडीवरून जाते तिचा माथा कानशीनें इतका सूक्ष्म उतरवावा लागतो कीं तार तिला स्पर्श करते कीं नाहीं हें डोळ्यांस कळूं नये, कानास कळावें. मग तारेखालीं सुताचा धागा सरकवून स्वर उघडावयाचा. याला माप नाहीं. कारागिराचा कान हेंच माप. वापरानें घोडी झिजली कीं तें काम पुन्हां करावें लागतें.

ठशाची मर्यादा येथें स्पष्ट होते. एखाद्या उत्तम तंबोऱ्याचा ध्वनि यंत्रांत घेतला, म्हणजे एका कारागिरानें एका दिवशीं लावलेली एक जवारी गोठविली. ती झिजत नाहीं हें खरें. पण ती पुन्हां लावतांही येत नाहीं. शिवाय त्या एका तंबोऱ्याचा ध्वनि हजारों यंत्रांतून वाजतो, आणि करणाराच्या पदरीं मात्र त्या एकाच तंबोऱ्याची किंमत पडते. ज्या घरानें पूर्वीं जोडी घेतली असती तें यंत्र घेऊन मोकळें होतें. मग कारागिराच्या मुलानें वर्षानुवर्षें कानास धार कां लावावी? ८०८ ज्या ट्रॅन्झिस्टरावांचून बंद पडली तसा तंबोऱ्याचा ट्रॅन्झिस्टर हा शिकलेला कान आहे. तो एकदां मिळेनासा झाला कीं दुसरीकडून मागवितां येणार नाहीं. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें ही आनंदाची गोष्ट आहे. मानांकनानें नांवाचें रक्षण होतें. कसबाचें रक्षण मात्र गिऱ्हाइकाच्या हातीं आहे.

यंत्रावर सरसकट टीका करणें आम्हांस मान्य नाहीं. १९३१ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांस बसणारी जत किंवा खटाव तालुक्यांतील एखादी मुलगी रोज तबलजी कोठून आणणार? तिला पेटीनें जो ठेका दिला तो कोणीच दिला नसता. फक्त एवढें ओळखावें कीं यंत्र मोजतें, ऐकत नाहीं. गाणारणीचा श्वास अडखळला तर साथीदार क्षणभर थांबतो. पेटी पुढें निघून जाते. म्हणून घरीं पेटीवर मेहनत व्हावी, पण बैठकींत माणसें बसावींत. औंधास अंतूबुवा जोशी यांनीं आपले गुरु शिवानंदस्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० सालीं सुरू केलेला संगीतोत्सव असो, कीं मिरजेस खांसाहेबांच्या स्मरणार्थ होणारा उत्सव असो, अशा बैठकींवरच वादक व कारागीर दोघेही जगतात.

आमच्याविषयींची एक गोष्ट सांगून हा लेख संपवितों. बंद पडलेल्या पेटीसाठीं आम्ही हळहळत होतों, तेव्हां आमच्याच घरच्या कोपऱ्यांत वडिलांच्या वेळचा तंबोरा गवसणींत उभा होता. पेटी आल्यापासून त्यास कोणीं हात लावला नव्हता. गवसणी काढली तों दोन तारा तुटलेल्या आणि भोपळ्यास बारीक चीर गेलेली. तो आम्हीं मिरजेस नेला. कारागिरानें चीर पाहिली, घोडी उतरवून हातीं घेतली, आणि इतके दिवस कां आणला नाहीं एवढेंच विचारलें. आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. त्यानें चीर सांधली, दुसऱ्या दिवशीं अर्धा दिवस कानस आणि कान यांचें काम केलें, व खर्ज छेडून तंबोरा आमच्या हातीं दिला. ८०८ वर लोकांचें प्रेम बसलें तेव्हां ती करणारे हात थांबून गेले होते. मिरजेचे हात अद्याप चालत आहेत. ज्यांच्या घरीं असा तंबोरा गवसणींत उभा असेल, त्यांनीं तो यंदा एकदां मिरजेस न्यावा.