स्टेशनापासून खाडीपर्यंत, खात खात

स्मरणिकेसाठी टिटवाळ्याचा इतिहास लिहा, असं समितीनं सांगितलं. पण महागणपती, माधवराव पेशवे, कण्वमुनींचा आश्रम आणि शकुंतला हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. घरी येणाऱ्या पाहुण्यांना आपणच तर सांगतो! म्हणून मी शेजारच्या कल्याणवर लिहितोय. आपल्या काळू नदीचं पाणी कल्याणजवळ उल्हासला मिळून खाडीत जातं, नातं तिथपासूनचं. आपल्या मुलांना मात्र कल्याण म्हणजे गाडी बदलायचं जंक्शन, एवढंच ठाऊक.

जुनं कल्याण पायी बघावं आणि खात खात बघावं. पश्चिमेला उतरून खाडीकडे निघालं की आपण काळात मागे मागे जातो. रेल्वे ठाण्याला आली १८५३ साली, कल्याणला १ मे १८५४ रोजी. त्याआधी शहराचं तोंड खाडीकडे होतं, रेल्वेनं ते फिरवलं. म्हणून स्टेशनाजवळचं खाणं घाईचं. एका हातात वडापाव आणि एक डोळा इंडिकेटरवर. वडापाव १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्यांच्या गाडीवर जन्मला असं मानतात, म्हणजे तोही लोकलचंच अपत्य.

टिळक चौकाकडे आलं की चाल आपोआप मंदावते. इथला खिडकी वडा प्रसिद्ध. सुरुवातीला दुकान नव्हतंच, घराच्या खिडकीतून वडे विकले जायचे म्हणून हे नाव. गरम वडा, लसणाची चटणी, बस्स. पण त्या पुडीत इतिहास किती आहे बघा. बटाटा आणि मिरची मूळची अमेरिकेतली, पोर्तुगीजांबरोबर इकडे आली. ‘बटाटा’ आणि ‘पाव’ हे शब्दही त्यांचेच. शेंगदाण्याच्या तेलात तळलात तर शेंगदाणाही तिकडचाच! बेसन तेवढं आपलं जुनं. आणि हे पोर्तुगीज काही लांब नव्हते, १७३९ पर्यंत वसईत होते. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण घेतलं आणि इथल्या खाडीत आरमारी जहाजं बांधायला काढली, तेव्हा त्या कामावर पोर्तुगीज कारागीरही होते.

पुढे पारनाका, गांधी चौक, दूधनाका. नावातच धंदा सांगणारी अशी नाकी आता थोडीच उरलीत. मग दुर्गाडी आणि खाडी. इथं खायला काही नसलं तरी चालेल, पाच मिनिटं उभं राहावं. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशांच्या ‘पेरिप्लस’ या माहितीपुस्तकात कल्याण बंदराचा उल्लेख आहे. कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्यांत कल्याणचे व्यापारी होते, तसे शिलालेख आहेत.

या रस्त्यावरचे वाडे भराभर पडताहेत. आपण स्वतः बिल्डिंगमध्ये राहतो, तेव्हा पाडू नका असं कुठल्या तोंडानं सांगणार? तिथल्या माणसांनाही लिफ्ट हवी, पाणी हवं. पण तळमजल्यावर पार्किंग आणि शटर आलं की रस्त्याकडे उघडणारी खिडकी जाते, आणि खिडकीशी उभं राहून घरच्या माणसाच्या हातून पुडी घेणंही जातं. किल्ल्याची डागडुजी सरकार करील, खिडकीची कोण करणार?

म्हणून समितीला माझी सूचना: थंडीतल्या एका रविवारी मुलांना घेऊन हा रस्ता चालूया. अंतर फार नाही, आजी-आजोबांनाही जमेल. चप्पल साधी घाला, पाण्याची बाटली घ्या, आणि निघताना नाश्ता करू नका.