हवा, पाणी आणि पाच हजार रुपये

गेल्या मे महिन्यात आमच्या घरात एक वाद सुरू झाला आणि तो मला थेट १९६० च्या दशकात घेऊन गेला. वाद लेकीच्या कॉम्प्युटरचा होता. ती डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लोकांना घरांची थ्रीडी चित्रं करून देते आणि त्यातून स्वतःची फी थोडीफार भागवते. कॉम्प्युटर सेकंडहँड. दुपारी आमच्या शहरात पारा चाळिशीपार गेला की तिचा प्रोसेसर ९५ अंशांवर जायचा, आधी मंदावायचा आणि मग मशीन बंद. तीन तासांचं काम पाण्यात.

एके रात्री तिने वहीतला कागद माझ्यापुढे ठेवला. "अब्बू, वॉटर कूलिंग करायचं. पाच हजारांत बसतं."

तिची अम्मी स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "पानी और बिजली एक डब्बे में? पागल हुए क्या?"

मी भाषेचा मास्तर. यंत्रातलं मला फारसं कळत नाही. पण कुठलीही गोष्ट नवी आहे असं कोणी म्हटलं की ती आधी कोणी केली होती, हे शोधायची खोड आहे. म्हणून मी तिच्याकडे आठ दिवस मागितले आणि वाचायला बसलो.

पहिली गोष्ट कळली ती ही, की कॉम्प्युटरमध्ये पाणी घालण्याची कल्पना माझ्या जन्माच्याही आधीची आहे. आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टीम/३६० मॉडेल ९१ जाहीर केलं. त्याचे सर्किटबोर्ड इतके तापत की एका बोर्डावरून गेलेली हवा पुढच्या बोर्डाला गार करण्याच्या लायकीची उरत नसे. म्हणून इंजिनिअरांनी बोर्डांच्या मधे पाण्याच्या नळ्यांच्या जाळ्या बसवल्या. चिपला हवा लागायची, पण हवेतली उष्णता पाणी घेऊन जायचं.

पुढे १९८० मध्ये आयबीएम ३०८१ आलं. त्यात तळहाताएवढ्या सिरॅमिकच्या पाटीवर शंभराहून जास्त चिप एकत्र बसवल्या होत्या. प्रत्येक चिपच्या पाठीवर स्प्रिंगने दाबलेला एक छोटा धातूचा दट्ट्या, मधल्या फटींत हेलियम वायू आणि वर पाणी खेळणारी थंड पाटी. पाण्याचा थेंबही चिपला शिवत नव्हता. १९८५ चा क्रे-२ महासंगणक त्याहून धाडसी. त्याचे बोर्ड चक्क एका द्रवात बुडवलेले होते. पण तो द्रव पाणी नव्हता, वीज न वाहणारा फ्लुओरिनर्ट होता.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. १९९० च्या दशकात सीमॉस नावाच्या पद्धतीच्या चिप पुढे आल्या. त्या जुन्या बायपोलर चिपपेक्षा फार कमी तापत. झालं, मोठ्या कॉम्प्युटरांमधले पाण्याचे नळ निघाले आणि पुन्हा पंखे आले. चिप परत तापू लागल्या तेव्हा, म्हणजे २००८ ते २०१० च्या सुमारास, आयबीएमच्या मोठ्या यंत्रांत पाणी परतलं. म्हणजे कंपन्यांनी हवा पुरत होती तोवर हवाच वापरली. पाणी आलं ते नाइलाजाने.

आपल्याकडचं उदाहरण पुण्यात आहे. भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये 'प्रत्युष' हा क्रे एक्ससी४० जातीचा महासंगणक सुरू झाला. मान्सूनचे अंदाज काढायच्या कामी तो आला. या जातीच्या यंत्रात हवा एका कपाटातून दुसऱ्या कपाटात आडवी जाते आणि मधे पाण्याच्या जाळीवर गार होते. १९६० च्या दशकातली मॉडेल ९१ ची युक्ती, फक्त आकार मोठा.

आठव्या दिवशी मी लेकीला निकाल सांगितला. आधी धूळ साफ कर, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदल, दोन हजारांचा उंच हवेचा कूलर लाव. पाण्याची गरज नाही. इतिहास माझ्या बाजूने आहे.

ती शांतपणे म्हणाली, "अब्बू, तुम्ही कंपन्यांचा इतिहास वाचलात. पोरांचा नाही वाचला."

आणि तिने तो मला सांगितला. १९९८ मध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए ही स्वस्त चिप काढली. तिचा वेग ३०० मेगाहर्ट्झ. हौशी पोरांना कळलं की मदरबोर्डवरचा बसचा वेग ६६ वरून १०० केला की हीच चिप ४५० वर धावते. महागड्या चिपचं काम स्वस्तात. मग अजून वेग, अजून उष्णता, अजून खटपट. बाजारात तयार सामान जवळपास नव्हतंच. म्हणून त्यांनी माशांच्या टाकीचा पंप घेतला, तांब्याचा ठोकळा घरी कोरला आणि रेडिएटर म्हणून भंगारातल्या मोटारीचा हीटर कोअर लावला. १९७७ च्या पाँटिअ‍ॅक बॉनव्हिल गाडीचा हीटर कोअर तर त्या मंडळींत प्रसिद्ध होता. बंद, न उघडणारे तयार संच घरोघरी पोचले ते बरेच नंतर. कोर्सेरचा एच५० हा २००९ चा.

"गरज नव्हती तरी केलं त्यांनी," ती म्हणाली. "म्हणून तर शिकले."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर्गात मी मुलांना हेच सांगत असतो. शेवटी तडजोड झाली. उन्हाळ्यात तिचं काम अडू नये म्हणून आधी साफसफाई, पेस्ट आणि हवेचा कूलर. तो खर्च माझा. पाण्याचा संच पावसाळ्यात, टेबलावर, कॉम्प्युटरच्या बाहेर जोडायचा. तो खर्च अर्धा तिचा, अर्धा माझा.

आता ज्यांच्या घरी असा कागद पुढे येईल त्यांच्यासाठी थोडा हिशोब. पाणी काही निर्माण करत नाही, फक्त उष्णता उचलून दुसरीकडे नेतं. मिनिटाला एक लिटर पाणी फिरत असेल आणि प्रोसेसर शंभर वॅट उष्णता टाकत असेल, तर पाणी एका फेरीत जेमतेम दीड अंश तापतं. एवढी त्याची ताकद. पण ती उष्णता शेवटी रेडिएटरमधून खोलीतच जाते. खोली ४० अंशांवर असेल तर नळीतलं पाणी ४० च्या खाली कधीच येणार नाही. माठातलं पाणी गार होतं कारण ते झिरपून वाफ होतं. खसच्या पडद्याचा कूलरही तसाच. बंद नळीत वाफ होत नाही. लेकीला वाटत होतं माठ, पण हा माठ नाही. तरी घाबरायचं कारण नाही. २०१० मध्ये झुरिकच्या विद्यापीठात 'अक्वासार' नावाचा महासंगणक सुमारे ६० अंशांच्या पाण्यावर चालवला आणि त्याच्या उष्णतेने इमारती उबदार केल्या. चिपला गारठा लागत नाही, आपल्यापेक्षा कमी तापलेलं काहीतरी लागतं.

आमची यादी अशी: तांब्याच्या बुडाचा वॉटर ब्लॉक १,४०० रुपये, १२ व्होल्टचा पंप ९००, छोटी टाकी ७००, दोन पंखे ८००, नळ्या आणि क्लिपा ५००, डिस्टिल्ड वॉटर १००. भंगारबाजारातून मोटारीच्या हीटरचा रेडिएटर ६००. एकूण ५,०००. घरातली डेझर्ट कूलरची मोटर वापरू, असं तिने सुचवलं होतं. मी नाही म्हटलं. पाण्यात बुडलेली २३० व्होल्टची मोटर अभ्यासाच्या टेबलावर नको.

भंगारवाल्याने आधी दिलेला रेडिएटर हलका आणि पांढरट होता. ॲल्युमिनियम. तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम हळूहळू खाल्लं जातं. पैसे वाचवताना पहिल्यांदा करणारे इथेच फसतात. आम्ही कानशीने कोपरा घासून, खाली लालसर रंग दिसला तोच घेतला आणि गरम पाण्याने चार वेळा धुतला.

पहिल्या दिवशी पंप नुसता गुरगुरत होता, पाणी पुढे सरकेना. नळीत हवा अडकली होती. तेव्हा मला आमच्या शहरातली नहर आठवली. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला डोंगरातलं पाणी जमिनीखालून शहरात आणलं. त्या वाटेवर जागोजाग चिरेबंदी बंबे उभे आहेत, आत कोंडलेल्या हवेला वाट मिळावी म्हणून. पाणचक्कीच्या भिंतीवरून पडणारं पाणीही असंच खापरी नळांतून आलेलं, आणि त्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत, म्हणून ते दालन उन्हाळ्यात गार. मी लेकीला म्हटलं, टाकी सगळ्यात वर ठेव, पंप तिच्या खाली. तिने तसं केलं. बुडबुडे वर आले आणि पाणी फिरू लागलं. भाषेच्या मास्तरचा तेवढाच उपयोग झाला.

आता नियम असा ठरलाय: २४ तास फक्त पंप चालवायचा, प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवायचा. एक जरी ओला झाला तर संच कॉम्प्युटरमध्ये जाणार नाही. काल संध्याकाळी, अठराव्या तासाला, रेडिएटरच्या जोडाखालचा कागद ओला सापडला. लेकीने काही न बोलता क्लिप काढली, नळीचं टोक कापून पुन्हा बसवलं, कागद बदलला.

मग घड्याळ बघितलं आणि वहीत पुन्हा शून्यापासून लिहिलं. तिची अम्मी तिच्यासाठी चहा ठेवून गेली.