चौदा क्रेडिटांचा बागुलबुवा

अभियांत्रिकीच्या पदवीत दुसऱ्या शाखेचे ‘मायनर’ बसवू नये, असे म्हणणाऱ्यांची बाजू आधी नीट मांडू. त्यांचे आक्षेप तीन. पहिला, चार वर्षांत मुख्य शाखाच पुरती पचत नाही. सबमिशन, ओरल आणि केटी यांतून मुलांना मान वर काढायला सवड नाही, तिथे आणखी एक विषय कशाला? दुसरा, परक्या शाखेचे चार-पाच पेपर म्हणजे वरवरची ओळख. त्याने मुलगा ना धड मेकॅनिकलचा राहतो, ना इलेक्ट्रॉनिक्सचा होतो. तिसरा, बहुतेकांना एआयच हवे असते, म्हणजे सारा खटाटोप प्लेसमेंटच्या मुलाखतीपुरता. स्टाफरूमपासून पालकसभेपर्यंत हे मत रुळले आहे.

पहिला आक्षेप हिशेबाचा आहे, म्हणून हिशेबच करू. इथे दोन वेगळ्या व्यवस्थांची गल्लत होते. एआयसीटीईच्या 2018 च्या आदर्श अभ्यासक्रमात पदवी 160 क्रेडिटांची आहे आणि मायनर हवे असेल तर त्यावर 20 क्रेडिट जास्तीचे मिळवावे लागतात. हे ओझे खरेच, पण ते ऐच्छिक. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रात आलेल्या चौकटीत मात्र बहुविद्याशाखीय मायनरचे 14 क्रेडिट पदवीच्या 160 ते 176 क्रेडिटांच्या आतच धरले आहेत. पाच सत्रांवर वाटले तर आठवड्याला सरासरी तीन तास. प्रात्यक्षिके असतील तर थोडे जास्त. जास्तीच्या वीस क्रेडिटांची तक्रार आतल्या चौदांवर लादणे हा तर्कदोष आहे.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, ‘आत धरले म्हणजे मुख्य शाखेतून तेवढे कापले.’ आता आपण दुसऱ्या, अधिक वजनदार आक्षेपाकडे आलो. त्यामागचे गृहीतक असे, की दोन शाखा म्हणजे दोन स्वतंत्र ज्ञानकोठारे, एकात भर घातली की दुसऱ्यात घट. अभियांत्रिकीची घडण तशी नाही. मेकॅनिकलचा विद्यार्थी स्प्रिंगला टांगलेल्या वस्तुमानाची कंपने शिकतो, तेव्हा तो दुसऱ्या कोटीचे अवकल समीकरण सोडवत असतो. वस्तुमानाच्या जागी इंडक्टन्स, अवमंदनाच्या जागी रोध आणि स्प्रिंगच्या ताठपणाच्या जागी कपॅसिटन्सचा व्यस्त ठेवला, की तेच समीकरण विद्युत मंडलाचे होते. अनुनादही तोच, अवमंदनाचे प्रकारही तेच. म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचे मायनर घेणारा हा मुलगा शून्यापासून सुरुवात करत नाही. मॅथ्सच्या पेपरांत त्याने पायाभरणी केलेलीच असते. सिव्हिलचेही तेच. संरचनेचे विश्लेषण करताना ताठपणाची मॅट्रिक्स मांडून शेकडो समीकरणे एकदम सोडवावी लागतात. जो संगणकाचे मायनर घेऊन ती रीत स्वतः प्रोग्रॅममध्ये उतरवतो, तो तयार सॉफ्टवेअरने दिलेले उत्तर डोळे झाकून स्वीकारत नाही. त्याची मुख्य विषयातली समज इथे उथळ होते की खोल?

शिवाय यंत्रांनी शाखांच्या भिंती केव्हाच ओलांडल्या आहेत. मोटारीच्या एबीएस ब्रेकमध्ये चाकाचा वेग मोजणारा सेन्सर, निर्णय घेणारा नियंत्रक आणि दाब सोडणारा झडप-संच एकत्र चालतात. अशा ब्रेकचे डिझाइन करणाऱ्याला ‘नियंत्रक माझ्या शाखेत येत नाही’ म्हणून कसे भागेल?

तिसरा आक्षेप मात्र अर्धा मान्य करावा लागतो. मुख्य शाखेशी कसलेही नाते न जुळवता घेतलेले एआय ही निव्वळ बायोडेटाची ओळ आहे. पण पूरप्रवण नदीच्या पातळीच्या नोंदींवर तेच तंत्र वापरणाऱ्या सिव्हिलच्या मुलीला त्याच मापाने कसे मोजणार? दोष विषयात नाही, निवडीत आहे. निवडीचा दोषही सर्वस्वी मुलांचा नाही. कॉलेजात जो शिक्षक मोकळा असेल त्याचाच विषय मायनर म्हणून पुढे केला जातो. दोन विभागांची वेळापत्रके जुळत नाहीत म्हणून तासिका दिवसाच्या कडेला ढकलल्या जातात. ही तक्रार रास्त आहे, परंतु ती मायनरच्या कल्पनेविरुद्ध नसून अंमलबजावणीविरुद्ध आहे. उपाय सगळ्या विभागांनी मायनरसाठी एकच सामाईक वेळ राखण्याचा आहे, मायनर रद्द करण्याचा नाही.

तेव्हा सिद्धान्त असा. सक्तीच्या चौदा क्रेडिटांपलीकडे जास्तीचे मायनर घेणे सर्वांसाठी नाही; केटींची रांग लागलेल्याने त्या वाटेला जाऊ नये. मात्र चौदा क्रेडिटांची निवड प्रत्येकाने तिसऱ्या सत्राआधी, पूर्वअटींचे विषय तपासून, एका कसोटीवर करावी: माझ्या शाखेतला कोणता प्रश्न या मायनरशिवाय सुटत नाही? उत्तर देता आले, तर पदवीत जागा आहे का हा प्रश्नच उरत नाही. देता आले नाही, तर दुसरा विषय शोधावा. आपल्याला उत्तर सापडले नाही म्हणून मायनरलाच निरुपयोगी ठरवू नये.