स्पर्शलिपी

कागदावर उठवलेली, बोटांनी चाचपून वाचण्याची लिपी. दृष्टिहीनांसाठी अशा अनेक लिप्या निघाल्या. ब्रेल सोडता बहुतेक मागे पडल्या.

पॅरिसमध्ये अंधांची शाळा काढणाऱ्या व्हालांतँ आयुई यांनी १७८६ मध्ये उठावाच्या रोमन अक्षरांत पुस्तक छापले. डोळस शिक्षकाला ही अक्षरे सोयीची होती, बोटाला नव्हती. वळणे चाचपत एकेक अक्षर लावावे लागे, ग्रंथ अवजड होत आणि विद्यार्थ्याला स्वतः काही लिहिता येत नसे. तोफखान्यातील माजी अधिकारी शार्ल बार्बिए यांनी अक्षरे सोडून ठिपके घेतले, ही खरी कलाटणी. मात्र त्यांची बारा ठिपक्यांची चौकट बोटाच्या पेरात मावेना, आणि ती ध्वनी टिपत असल्याने शुद्धलेखनाला वाव नव्हता.

त्याच शाळेतील लुई ब्रेल (१८०९–१८५२) यांनी चौकट निम्मी केली. त्यांनी १८२४ मध्ये, पंधराव्या वर्षी, सहा ठिपक्यांची लिपी बसवली आणि १८२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. दोन उभ्या ओळींत तीन-तीन ठिपके, त्यांच्या त्रेसष्ट रचना. पाटी आणि टोचणी घेऊन कोणालाही लिहिता येते. कागद मागून टोचायचा असल्याने लिहिताना उजवीकडून डावीकडे जावे लागते. शाळेच्या चालकांनी १८४० च्या सुमारास या लिपीला मनाई केली, तरी मुले ती चोरून वापरत राहिली. अधिकृत मान्यता ब्रेल यांच्या मृत्यूनंतर, १८५४ मध्ये मिळाली.

इंग्लंडमध्ये विल्यम मून यांनी १८४५ मध्ये सोप्या रेषांची लिपी आणली. उतारवयात दृष्टी गेलेल्यांना ती सोपी जाई. अमेरिकेत तर ठिपक्यांच्याच प्रतिस्पर्धी पद्धतींचे भांडण अनेक दशके चालले; ब्रिटन आणि अमेरिकेत एकसारखी इंग्रजी ब्रेल ठरायला १९३२ उजाडले.

भारतातही प्रांतोप्रांती निरनिराळ्या ब्रेल पद्धती होत्या. १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली. तिच्यात मराठी, बंगाली किंवा तमिळ ‘क’ एकच : पहिला आणि तिसरा ठिपका. लिपी उच्चाराच्या क्रमाने चालते. छापील ‘कि’मध्ये वेलांटी आधी दिसते, ब्रेलमध्ये आधी ‘क’ आणि मग ‘इ’. जोडाक्षरात मात्र हलन्ताची खूण व्यंजनाच्या आधी येते. म्हणजे पुढचे अक्षर अर्धे आहे हे बोटाला अगोदरच कळते. मराठीला लागणाऱ्या ‘ळ’साठी उजवीकडचे तिन्ही ठिपके आहेत.