मूठभर धान्याची गोष्ट

मागच्या भागानंतर काही गटांनी विचारलं, “आमचीच पोटं हातावर, मग दुसऱ्यांसाठी गट कसा चालवायचा?” म्हणून आज सातारकडची एक जुनी गोष्ट सांगतो.

4 ऑक्टोबर 1919 रोजी कराडजवळच्या काले गावात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. खेड्यातल्या गरीब पोरांना शाळा मिळाली, तरी राहायचं कुठं आणि खायचं काय, हा खरा प्रश्न होता. म्हणून 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह निघालं. तिथं सगळ्या जातिधर्मांची मुलं एका पंगतीला बसत. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं.

भाऊरावांना आपण कर्मवीर म्हणतो. पण त्या पोरांना रांधून कोण घालत होतं? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेली ही बाई सगळ्या पोरांची आई झाली. पैसा संपला की एकेक दागिना जाई. शेवटी एकदा घरात दाणा नव्हता, तेव्हा त्यांनी मंगळसूत्रही मोडलं. 1930 मध्ये त्या गेल्या.

ही गोष्ट ऐकली की आपले डोळे भरून येतात. पण आमच्या गटात यावर बोलणं झालं, तेव्हा एक आजी म्हणाल्या, “बायांनो, रडू नका, विचार करा. एकीच्या गळ्यातलं मोडून काम किती दिवस चालणार?” खरंच आहे. एका बाईच्या त्यागावर उभं राहिलेलं काम ती थकली की थांबतं.

रयतचं काम थांबलं नाही, कारण त्यामागं गावोगावचे हात होते. त्यातली एक रीत म्हणजे मुष्टिफंड. दळण करताना घरातल्या बाईनं मूठभर धान्य बाजूला काढायचं आणि ते पोरांच्या जेवणासाठी द्यायचं. रोख पैसा नसलेल्या घरालाही हे जमे. मूठ काढणारा हात बहुतेक बाईचाच असे, पण इतिहासात तिचं नाव आलं नाही.

हिशोब करून बघा. एक मूठ म्हणजे साधारण 50 ग्रॅम धरू. 40 घरांनी रोज एक मूठ काढली, तर दिवसाला 2 किलो आणि महिन्याला 60 किलो धान्य होतं. एका पोराला दिवसाला 400 ग्रॅम धरलं, तर पाच पोरांची भाकरी निघते. आणि कुणाच्या घरची चूल विझत नाही.

आता आमची चूक सांगतो. आम्ही पहिल्यांदा मदत गोळा केली ती दिवाळीत, रोख. बैठकीत नावं वाचली : अमकीचे शंभर, तमकीचे दहा. दहावाली पुढच्या बैठकीला आलीच नाही. तिच्याबरोबर आणखी दोघी थांबल्या. ज्यांच्यासाठी गट काढला, त्यांनाच आम्ही खाली मान घालायला लावली होती.

मग आम्ही तिच्या घरी गेलो, माफी मागितली आणि मुठीची रीत धरली. दर शनिवारी दोघी पाळीनं घरोघर जातात. धान्य एकाच पोत्यात पडतं. वहीत नाव लिहीत नाही, फक्त आठवड्याचं वजन लिहितो. कुणाला किती दिलं, तेही वजनानंच लिहितो आणि महिन्याला सगळ्यांसमोर वाचतो. ज्या घरी अडचण असेल, त्या घराची मूठ त्या आठवड्यात माफ. कारण विचारायचं नाही.

ती बाई आता दर शनिवारी पाळीला असते.

तर मैत्रिणींनो, उद्या दळण काढाल तेव्हा एक डबा बाजूला ठेवा. पाच घरं असली तरी चालतील. वही मात्र पहिल्या दिवसापासून उघडी ठेवा.