टोपीतला हात आणि दोन वर्षांचे शिंगरू



‘रेस’ हा शब्द आपल्या पांढरपेशा घरांतून दबक्या आवाजात उच्चारण्याची रीत आहे. कुणाचे घर त्यात धुऊन निघाले, कुणाच्या बायकोच्या पाटल्या गेल्या, अशी एक तरी कथा प्रत्येक वाड्यात असतेच. तेव्हा आजचा विषय पाहून काही वडीलधाऱ्या मंडळींच्या भुवया उंचावल्या असतील, तर तो त्यांचा हक्कच आहे. परंतु पैज लावणाऱ्यांकडे मला आज फारसे पाहायचे नाही. मला पाहायचे आहे ते घोड्यांच्या पाठीवर शिशाचे वजन चढवणाऱ्या एका विलक्षण न्यायाधीशाकडे. त्याला हँडिकॅपर म्हणतात. जोरकस घोड्यावर जास्त वजन, दुबळ्यावर कमी, अशी वाटणी करून सर्वांना शक्य तो एका रेषेत विजयस्तंभाशी आणायचे, हे त्याचे काम. घोडा पंचवीस-तीस वेळा धावलेला असला, म्हणजे हे काम अवघड खरे, पण होण्याजोगे असते. परंतु जे शिंगरू अवघे दोन वर्षांचे आहे, उभ्या आयुष्यात दोनदा किंवा तीनदाच मैदानावर उतरले आहे, त्याच्या पाठीवर किती वजन ठेवायचे? ज्याला भूतकाळच नाही, त्याचा निवाडा कशावरून करायचा?

प्रथम या शब्दाची जन्मकथा सांगतो, कारण ती फार गमतीची आहे. हँडिकॅप म्हणजे मुळात ‘टोपीत हात’. सतराव्या शतकात इंग्लंडातील खाणावळींत हा एक खेळ चाले. दोन माणसे आपापली वस्तू अदलाबदलीसाठी पुढे ठेवीत. समजा, एकाचे घड्याळ आणि दुसऱ्याचा अंगरखा. तिसरा माणूस पंच. हलक्या वस्तूच्या मालकाने वर किती पैसे द्यायचे, ते तो ठरवी. तिघांनीही थोडी रक्कम टोपीत टाकलेली असे. मग ते दोघे टोपीत हात घालून एकाच वेळी बाहेर काढीत. हातात नाणे असले तर सौदा मान्य, रिकामा असला तर अमान्य. दोघेही कबूल झाले किंवा दोघेही नाकबूल झाले, तर टोपीतली रक्कम पंचाची. एकच कबूल झाला, तर ती त्याची. सॅम्युअल पेपीझने १८ सप्टेंबर १६६० रोजी आपल्या रोजनिशीत या खेळाची नोंद केली आहे. त्याला तो नवा वाटला होता. पंचाचा लाभ कशात आहे, हे ध्यानात घ्या. मोल असे करायचे, की दोन्ही पक्षांच्या मनात सारखाच विचार यावा. घोड्यांच्या हँडिकॅपरने पुढे हाच आदर्श उचलला, फक्त घड्याळाच्या जागी जिवंत जनावर आले.

त्या काळी शिंगराचा प्रश्न मुळी उद्भवतच नव्हता. राजाच्या नावाने ज्या बक्षिसाच्या शर्यती होत, त्यांत सहा वर्षांचे भरलेले घोडे धावत, पाठीवर १२ स्टोन म्हणजे १६८ पौंड वजन घेऊन, आणि तेही चार-चार मैलांच्या फेऱ्यांत, एकाच दिवशी पुनःपुन्हा. सुप्रसिद्ध ‘एक्लिप्स’ हा घोडा १७६४ साली सूर्यग्रहणाच्या दिवशी जन्मला, म्हणून त्याचे ते नाव. तो पहिल्यांदा मैदानावर उतरला १७६९ मध्ये, पाच वर्षांचा होऊन. आणि अखेरपर्यंत तो कधी हरला नाही. एवढी वाट पाहणारे मालक पुढे राहिले नाहीत. पाच वर्षे चंदी घालायची आणि मग घोडा कुचकामाचा ठरायचा, हा सौदा कुणाला परवडणार? १७७६ मध्ये सेंट लेजर, १७८० मध्ये डर्बी अशा तीन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यती सुरू झाल्या. १७८६ मध्ये न्यूमार्केटला दोन वर्षांच्या घोड्यांसाठी ‘जुलै स्टेक्स’ आली. हाव एवढी वाढली, की एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वर्षावर्षाची शिंगरेसुद्धा पळवली जाऊ लागली, आणि १८६० च्या सुमारास जॉकी क्लबला त्यावर बंदी घालावी लागली.

वय एकदा असे मोलाचे झाले, म्हणजे वयाबद्दल खोटे बोलणेही ओघाने आलेच. १८४४ च्या डर्बीत ‘रनिंग रेन’ नावाचा घोडा पहिला आला. तीन वर्षांच्या घोड्यांची ही शर्यत. आदल्या वर्षी न्यूमार्केटला दोन वर्षांच्या घोड्यांत तो जिंकला, तेव्हाच लोकांत कुजबुज झाली होती, की हे शिंगरू शिंगरासारखे दिसत नाही. लॉर्ड जॉर्ज बेंटिंकने चिकाटीने माग काढला. प्रकरण कोर्टात गेले. न्यायमूर्ती ऑल्डरसन यांनी सांगितले, घोडा हजर करा. त्याचे दात पाहू. घोडा काही हजर झाला नाही! तो मुळात ‘मॅकाबियस’ नावाचा चार वर्षांचा घोडा होता, आणि डर्बीचा मान दुसऱ्या आलेल्या ‘ऑर्लंडो’ला मिळाला. आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतींत आदत, दुसा, चौसा असे दातांवरून बैलांचे वर्ग पाडतात, हे इथल्या पुष्कळांना ठाऊक असेल. एप्समच्या मैदानावरचे लॉर्ड लोक आणि आपल्या बैलबाजारातला दलाल यांची अक्कल या बाबतीत एकाच ठिकाणी येऊन थांबते: कागद काहीही म्हणो, तोंड उघडून दाखव.

आता आपल्या कथेच्या नायकाकडे येतो. हेन्री जॉन राऊस, जन्म १७९५, मृत्यू १८७७. पेशाने आरमारी अधिकारी. १८३५ मध्ये ‘पीक’ हे जहाज खडकावर आदळून गळू लागले, पुढे त्याचे सुकाणूही गेले, तरी याने ते अटलांटिक ओलांडून इंग्लंडच्या किनाऱ्याला आणले. सुकाणू नसताना दिशा राखण्याची ही विद्या त्याला पुढे फार उपयोगी पडली असावी, असे मला उगाच वाटते. समुद्र सोडून तो घोड्यांत रमला. १८५० मध्ये त्याने घोडदौडीच्या कायद्यांवर पुस्तक लिहिले, आणि १८५५ पासून तो सार्वजनिक हँडिकॅपर झाला. हँडिकॅप शर्यती त्याच्या आधीही होत्या. ॲस्कटची ‘ओटलंड्स’ ही १७९१ साली गाजली, युवराजाच्या ‘बॅरोनेट’ने ती जिंकली. परंतु वजने ठरवण्याच्या कामाला शास्त्राचे वळण दिले ते राऊसने.

त्याने वयाचा तक्ता तयार केला. दोन वर्षांचा, तीन वर्षांचा आणि पुरता वाढलेला, हे एकत्र धावले तर कोणत्या महिन्यात, किती अंतराला, कुणाला किती पौंडांची सूट द्यायची, याचे ते कोष्टक. त्यामागचा विचार सोपा आहे. शिंगरू वसंतात कोवळे असते आणि शरदापर्यंत भरते. म्हणून सूट महिन्यागणिक कमी होत जाते. अंतर लांबले की कोवळ्या घोड्याचा दम तुटतो. म्हणून लांब शर्यतीत सूट वाढते. आजही जगभर जे तक्ते वापरतात, त्यांचा पाया हाच आहे.

या तक्तेवाल्या माणसाची डोळस बुद्धी १८५१ मध्ये यॉर्कला दिसली. ‘फ्लाइंग डचमन’ हा १८४९ चा डर्बीविजेता, पाच वर्षांचा. ‘व्होल्टिजर’ हा १८५० चा डर्बीविजेता, चार वर्षांचा. त्याने डचमनला डाँकास्टरला एकदा हरवलेही होते. दोघांची दोन मैलांची पैज ठरली आणि वजने ठरवायला राऊसला बोलावले. त्याने मोठ्यावर ८ स्टोन साडेआठ पौंड ठेवले, धाकट्यावर ८ स्टोन. साडेआठ पौंडांचे अंतर! त्या अर्ध्या पौंडाकडे पाहा. दोन मैल दौड झाली आणि डचमन सुमारे एका घोड्याच्या लांबीने पुढे आला. सारा यॉर्कशायर लोटला होता, आणि पंचाने मोल चुकीचे केले, असे म्हणायला कुणाला जागा उरली नाही.

परंतु ही जोडी पारखलेली होती. त्यांच्यामागे वर्षांचा इतिहास होता. शिंगराच्या बाबतीत राऊसचा तक्ता सांगे तो सरासरीचा नियम. दोन वर्षांचे सरासरी शिंगरू अमुक एवढे दुबळे असते, हे त्याला ठाऊक. पण हे समोरचे शिंगरू सरासरी आहे काय? शर्यतीच्या नियमाने सगळ्या घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारी. म्हणजे जानेवारीत जन्मलेले आणि मेमध्ये जन्मलेले शिंगरू कागदावर जुळी भावंडे. एक लवकर भरते आणि तिथेच थांबते. दुसरे पहिले वर्षभर बावळटासारखे धावते आणि पुढे सगळ्यांना मागे टाकते. दोन-तीन शर्यतींवरून यातले काय ओळखणार?

या अज्ञानाची किंमत कोण देते, ते ‘लेडी एलिझाबेथ’च्या कथेत दिसते. ही मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज या तरुण उधळ्या उमरावाची घोडी. १८६७ च्या डर्बीत ‘हर्मिट’ जिंकला आणि हेस्टिंग्जने लाखाहून अधिक पौंड गमावले. हर्मिटचा मालक हेन्री चॅप्लिन. त्याच्या वाग्दत्त वधूला हेस्टिंग्जने तीन वर्षांपूर्वी पळवून नेले होते, त्यामुळे या पराभवाची चव निराळीच. मग कर्ज फेडायला उरली कोण? दोन वर्षांची घोडी. तिला त्या एका मोसमात दहाहून अधिक वेळा पळवले आणि ती जिंकतच गेली. ऑक्टोबरमध्ये मिडल पार्क प्लेट या मोठ्या शर्यतीत ती हरली. तरी त्याच सुमारास तिला ‘ज्युलियस’शी पैजेत उतरवले. ज्युलियस तीन वर्षांचा, नुकताच सीझरविच ही सव्वादोन मैलांची शर्यत जिंकलेला. तिला सूट किती? नऊ पौंड. तक्त्याप्रमाणे तिला याहून कितीतरी अधिक मिळायला हवी होती. आणि घोडी जिंकली! जेमतेम, प्राण पणाला लावून, पण जिंकली.

आता तुम्ही हँडिकॅपर आहात, असे समजा. या घोडीचे मोल काय कराल? कागदावर ती अजोड. लोकांनीही तसेच मानले. १८६८ च्या डर्बीत सर्वाधिक पैसा तिच्यावर लागला. ती शेपटीकडच्या घोड्यांत आली. तिच्यात काही उरलेच नव्हते. राऊसने ‘टाइम्स’मध्ये जळजळीत पत्र लिहिले, प्रकरण कोर्टकचेरीपर्यंत गेले आणि पत्र मागे घेतले गेले. हेस्टिंग्ज त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वारला, सव्विसाव्या वर्षी. पौंडांचा हिशेब बरोबर होता; चुकले ते एवढेच, की तो हिशेब चुकता करायला जनावराचे पुढचे आयुष्य वापरले गेले होते.

त्या डर्बीचा विजेता ‘ब्लू गाऊन’. त्याचा मालक सर जोसेफ हॉली. जिंकलेला माणूस सुधारणेची भाषा क्वचितच बोलतो. याने ती बोलली. १८६९ पासून त्याने आग्रह धरला, की १ जुलैपूर्वी दोन वर्षांच्या घोड्यांची शर्यत नको. आणि त्याला विरोध कोणी केला? आपल्या राऊसनेच. घोडदौडीवर सर्वांत अधिक विचार केलेला माणूस या प्रश्नावर मालकांच्या सोयीच्या बाजूला उभा राहिला, हे मला आजही खटकते. तडजोड म्हणून मेपूर्वी अशा शर्यती नकोत, असे ठरले. तेही काही वर्षांतच गुंडाळले गेले. आज इंग्लंडात दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यती मार्च-एप्रिलमध्येच सुरू होतात.

निवाड्याची रीत मात्र पुढे सुधारत गेली. मोसम संपल्यावर वर्षभरातल्या उत्तम शिंगरांची एक कागदी शर्यत हँडिकॅपर मनातच लावतो. मालकाने नाव द्यावे लागत नाही, म्हणून ती ‘फ्री हँडिकॅप’. अमेरिकेत १९३३ मध्ये वॉल्टर व्हॉसबर्गने असाच ‘एक्स्पेरिमेंटल फ्री हँडिकॅप’ काढला. पुढे ते काम जॉन कॅम्बेलकडे गेले. हा कॅम्बेल म्हणजे तोच, ज्याच्या वजनांवर १९४४ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘कार्टर हँडिकॅप’मध्ये ब्राउनी, बॉसुएट आणि वेट अ बिट हे तीन घोडे एका रेषेत आले आणि तिघेही विजेते ठरले. टोपीतले तिन्ही हात एकदम उघडले म्हणायचे! १९४२ च्या शिंगरांत त्याने ‘काउंट फ्लीट’ला १३२ पौंड दिले. पुढच्या वर्षी तो घोडा केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तिन्ही शर्यती जिंकला. बेलमाँट तर पंचवीस लांबींनी. त्याच बेलमाँटमध्ये त्याच्या पायाला इजा झाली आणि तो पुन्हा धावला नाही. पुढे ‘सेक्रेटेरियट’सारख्या घोड्यालाही १९७२ मध्ये १२९ पौंडच मिळाले.

सामान्य शिंगरांसाठी इंग्लंडात आता सरळ नियम आहे. दोन वर्षांच्या घोड्यांच्या हँडिकॅपला तिकडे ‘नर्सरी’ म्हणतात. ती जुलैपासून सुरू होते, आणि साधारणपणे तीन वेळा धावल्याशिवाय घोड्याला गुणांक मिळत नाही. नियम शहाणपणाचा आहे. परंतु नियम आला, की त्याच्या मागून चतुर माणूस येतोच. ज्याला लांब पल्ला मानवतो, असे शिंगरू तीनदा आखूड शर्यतीत उतरवायचे. ते मागे राहते. हँडिकॅपर बापडा कमी गुण देतो. मग चौथ्या खेपेला त्याला त्याच्या खऱ्या पल्ल्यावर, हलक्या वजनाने सोडायचे. यात जॉकीने लगाम खेचलेला नसतो, घोड्याला काही खाऊ घातलेले नसते. खोटे असे कोणीच बोललेले नसते.

आपल्याकडे पुण्याचे रेसकोर्स १८३० चे, महालक्ष्मीचे १८८३ चे, आणि महालक्ष्मीवर इंडियन डर्बी १९४३ पासून होते. पहिली विजेती ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ नावाची घोडी. घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ठरवले. वाढलेल्या, पारखलेल्या घोड्यांच्या बाबतीत ते मला पटते. त्यांचा इतिहास पुस्तकात ओळीने छापलेला असतो आणि तो वाचता येणे ही विद्याच आहे. पण शिंगरांच्या शर्यतीच्या दिवशी कधी कठड्यापाशी उभे राहून पाहा. एरवी जुन्या धावांच्या आकड्यांवर पेन्सिल फिरवणारी पट्टीची माणसे त्या दिवशी बापाचे नाव वाचतात, आईचे नाव वाचतात, सकाळच्या सरावातल्या वेळा एकमेकांना विचारतात, आणि मग पॅडॉकमध्ये मोतद्दाराच्या हातून फिरणाऱ्या त्या कोवळ्या जनावराच्या चालीकडे पाहत राहतात. पुस्तकातला त्याच्या नावापुढचा रकाना जवळजवळ कोरा असतो.